प्रकाश परत देणारे रंग

रंग पक्का की कच्चा, हा प्रश्न आपल्याकडे कापडाच्या दुकानात पिढ्यान् पिढ्या विचारला जात आला आहे. धुऊन जात नाही, उन्हाने विटत नाही, तो रंग पक्का. पण पक्का रंग पक्का का असतो, याचा विचार गिऱ्हाईक करीत नाही आणि दुकानदारही करीत नाही. रसायनशास्त्रज्ञांना तो करावा लागला, आणि तोही एका चमत्कारिक निमित्ताने. त्यांना असा रंग हवा होता, जो प्रकाश नुसता गिळून बसणार नाही. वीज दिली असता स्वतःच उजळेल. आज पुष्कळांच्या खिशातल्या मोबाईलच्या पडद्यावर असे रंग रोज उजळतात. जाहिरातीत 'ओएलईडी' किंवा 'ॲमोलेड' असे शब्द असतात. त्यातल्या 'ओ'चा अर्थ ऑर्गॅनिक, म्हणजे सेंद्रिय. पण त्याचा शेणखताशी काही संबंध नाही. कार्बनच्या सांगाड्यावर उभारलेला रेणू, एवढाच त्याचा अर्थ. या रेणूंचे कूळ शोधीत मागे गेले, तर ते थेट रंगाऱ्याच्या पिंपापर्यंत जाऊन पोहोचते.

कथेची सुरुवात मात्र कोयनेलपासून करावी लागते. हिवतापावरचे हे कडूजहर औषध आपल्या आजोबांच्या पिढीला चांगले परिचयाचे होते. कोयनेलचे आम्लमिश्रित पाणी उन्हात धरले, तर त्यावर एक सुंदर निळी झाक दिसते. १८५२ साली केंब्रिजच्या जॉर्ज स्टोक्सने तिचे कारण सांगितले. सूर्यप्रकाशातला डोळ्यांना न दिसणारा जंबुपार भाग कोयनेलचे रेणू शोषून घेतात आणि तीच ऊर्जा, थोडी खर्च करून, दिसणाऱ्या निळ्या प्रकाशाच्या रूपाने परत करतात. या गुणाला स्टोक्सने 'फ्लुओरेसन्स' हे नाव दिले. घेतलेला प्रकाश परत देणारा पदार्थ त्या दिवशी शास्त्राच्या दप्तरी नोंदला गेला.

चारच वर्षांनी, १८५६ मध्ये, लंडनला विल्यम पर्किन नावाचा अठरा वर्षांचा विद्यार्थी सुट्टीत घरच्या प्रयोगशाळेत हेच कोयनेल कृत्रिम रीतीने बनवू पाहत होता. कच्चा माल होता डांबरापासून मिळणारी रसायने. कोयनेल झाले नाही. पात्रात काळा गाळ उरला. तो मद्यार्काने धुताना जांभळा रंग उतरला, आणि त्या रंगाने रेशीम रंगले. गणपती करायला जावे आणि माकड व्हावे, अशी म्हण आहे. इथे माकडच भलते मोलाचे निघाले. पर्किनने पेटंट घेतले, कारखाना काढला आणि कृत्रिम रंगांच्या धंद्याचा पाया घातला. पुढे १८६८ मध्ये त्याने कूमारिन हे ताज्या कापलेल्या गवताच्या वासाचे द्रव्यही प्रयोगशाळेत बनवले. हे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे. शंभरावर वर्षांनी ते पुन्हा भेटणार आहे.

शोध इंग्लंडचा, पण धंदा वाढला जर्मनीत. तिथल्या कारखान्यांनी विद्यापीठांतले रसायनशास्त्रज्ञ पदरी ठेवले, त्यांना वेळ दिला, पैसा दिला आणि वर्षानुवर्षे वाट पाहिली. आडोल्फ फॉन बायरने १८७१ मध्ये फ्लुओरेसीन हा पिवळ्या-हिरव्या तेजाने झळाळणारा रंग बनवला. १८८० मध्ये त्यानेच नीळ प्रयोगशाळेत तयार करून दाखवली. परवडेल अशा भावात ती बाजारात आणायला बीएएसएफ कंपनीला १८९७ साल उजाडले. सतरा वर्षांची ती चिकाटी होती, आणि तिची किंमत आपल्या देशाने मोजली. निळीच्या मळ्यांची बाजारपेठ कोसळली, आणि बिहारातल्या गोऱ्या मळेवाल्यांनी तोट्याचा बोजा वाढीव खंडाच्या रूपाने रयतेच्या डोक्यावर टाकला. १९१७ च्या चंपारण सत्याग्रहामागे या निळीचाही हात होता. रंगाच्या रेणूची मांडणी जर्मनीत उलगडते आणि तिचे व्याज चंपारणचा शेतकरी भरतो, असे हे गणित होते.

आता पहिल्या प्रश्नाकडे येऊ. नीळ एवढी पक्की का? रंगाच्या रेणूत काही इलेक्ट्रॉन सांगाडाभर मोकळे फिरत असतात. प्रकाशाचा एक कण गिळला, की असा इलेक्ट्रॉन वरच्या पायरीवर चढतो. वर गेलेला इलेक्ट्रॉन म्हणजे अंगात ताप भरलेला रेणू. या अवस्थेत त्याचा एखादा बंध तुटू शकतो किंवा शेजारच्या प्राणवायूशी त्याची झटापट होऊ शकते. निळीचा रेणू हा धोका पत्करतच नाही. मिळालेली ऊर्जा तो अब्जांश सेकंदाहूनही कमी वेळात उष्णतेच्या रूपाने झटकून टाकतो आणि पुन्हा थंड होऊन बसतो. म्हणून तो उन्हात टिकतो, आणि म्हणूनच तो जवळजवळ अजिबात उजळत नाही.

उजळणाऱ्या रेणूला ही चलाखी करता येत नाही. प्रकाश परत द्यायचा तर ऊर्जा थोडा वेळ जवळ बाळगावी लागते. साध्या फ्लुओरेसन्सला काही नॅनोसेकंद, म्हणजे सेकंदाचे काही अब्जांश, लागतात. आपल्या हिशेबाने तो काळ शून्यच. रेणूच्या हिशेबाने मात्र जिवावर बेतण्याइतका मोठा. पक्केपणा आणि उजेड यांचे हे मुळातले वैर आहे. उजळणारे रंग घडवण्याचा पुढचा सारा इतिहास म्हणजे या वैरात तडजोड काढण्याचा इतिहास होय.

या इतिहासातला मोठा अंक एका फोटोग्राफीच्या कंपनीत घडला, हा योगायोग नव्हे. मुळातल्या फोटोच्या काचेला निळा आणि जांभळा प्रकाश तेवढा कळे. हिरवा-पिवळा तिच्या लेखी अंधारच. १८७३ मध्ये हेरमान फोगेलने बर्लिनमध्ये दाखवले, की काचेवरच्या चांदीच्या क्षारांत योग्य रंग मिसळला तर तिला हे प्रकाशही 'दिसू' लागतात. तेव्हापासून फोटोची फिल्म बनवणारा हा पोटातून रंग-रसायनज्ञही झाला. अमेरिकेतल्या रॉचेस्टर गावच्या कोडॅक कंपनीने १९१२ मध्ये आपली संशोधनशाळा उभारली, आणि पहिल्या महायुद्धात जर्मन रसायने येईनाशी झाल्यावर १९१८ पासून ती स्वतःच बनवून विकायला सुरुवात केली. प्रकाश घेणाऱ्या रंगांचे एवढे ज्ञान एका छपराखाली क्वचितच कुठे साठले असेल.

प्रकाश विजेवर द्यायला लावण्याचे प्रयत्न मात्र प्रथम दुसरीकडे झाले. १९५० च्या दशकाच्या पूर्वार्धात फ्रान्समधल्या नॅन्सी येथे आंद्रे बर्नानोजने ॲक्रिडीन ऑरेंजसारख्या रंगांच्या पातळ थरांना उच्च दाबाची विद्युत् देऊन त्यांचा उजेड पाहिला. १९६३ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठात मार्टिन पोप आणि सहकाऱ्यांनी अँथ्रासीनचा, म्हणजे डांबरातूनच निघणाऱ्या एका पदार्थाचा, स्फटिक विजेने उजळवला. त्यासाठी सुमारे चारशे व्होल्ट लागले. १९६५ मध्ये कॅनडात हेल्फ्रिश आणि श्नायडर यांनी स्फटिकाच्या एका बाजूने इलेक्ट्रॉन आणि दुसऱ्या बाजूने इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा, म्हणजे धन प्रभाराच्या पोकळ्या, आत सोडल्या. दोघांची मध्ये गाठ पडली की उजेड पडतो, हे तत्त्व त्यांनी पक्के केले. पण घरात कोण चारशे व्होल्टचा दिवा लावणार? विषय मागे पडला. गंमत अशी, की हाच हेल्फ्रिश पुढे स्वित्झर्लंडला गेला आणि द्रव स्फटिकांच्या पडद्याच्या जनकांपैकी एक ठरला. घड्याळापासून संगणकापर्यंत सगळीकडे बसलेला 'एलसीडी' तो हाच, उजळणाऱ्या रंगांचा पुढचा प्रतिस्पर्धी.

कोंडी फुटली १९८७ मध्ये, कोडॅकमध्ये. हाँगकाँगला जन्मलेले चिंग टँग १९७५ पासून तिथे काम करीत होते. त्यांचा मूळ विषय उलटा होता: रंगांच्या थरांवर ऊन पाडून वीज मिळवणे. त्या कामात त्यांनी एकाऐवजी दोन थर वापरले होते, एक पोकळ्या वाहून नेणारा आणि दुसरा इलेक्ट्रॉन वाहून नेणारा. स्टीव्हन व्हॅनस्लाइक यांच्या साथीने त्यांनी हीच युक्ती प्रकाश मिळवण्यासाठी योजली. निर्वात पात्रात पदार्थ तापवून त्यांची वाफ काचेवर बसवली. दोन्ही थर मिळून जाडी सुमारे १३५ नॅनोमीटर, म्हणजे माणसाच्या केसाचा अदमासे पाचशेवा भाग. थर एवढा पातळ केल्यावर चारशे व्होल्टची गरजच उरली नाही. दहा व्होल्टच्या आत हिरवा उजेड पडला, आणि तो दर चौरस मीटरला हजार कँडेलांहून अधिक, म्हणजे साध्या संगणकाच्या पडद्याहून कितीतरी प्रखर होता.

यातले दोन्ही पदार्थ जुन्याच घरचे होते. पोकळ्या वाहणारे द्रव्य झेरॉक्सच्या धर्तीच्या यंत्रांत प्रती काढण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या रसायनांच्या कुळातले. उजळणारे द्रव्य म्हणजे ॲल्युमिनियमच्या एका अणूभोवती हायड्रॉक्सीक्विनोलीनचे तीन रेणू बसवून केलेले संयुग. हायड्रॉक्सीक्विनोलीन रसायनाच्या विद्यार्थ्याला ठाऊक असते. ॲल्युमिनियम किती आहे ते तोलण्यासाठी प्रयोगशाळेत ते वापरतात. आणि क्विनोलीन या सांगाड्याला हे नाव कशातून मिळाले? सिंकोनाच्या सालीतल्या क्षाराभांवरून, म्हणजे कोयनेलच्याच भावकीतून. त्याच्या नावात क्विनीन अजून जिवंत आहे. पर्किनला कोयनेल करता आले नाही, पण कोयनेलच्या सांगाड्याचा एक तुकडा असा एकशे एकतीस वर्षांनी दिव्यात येऊन बसला.

यानंतर खऱ्या अर्थाने रेणू घडवण्याचे काम सुरू झाले. पहिली अडचण गर्दीची होती. एकेकटा असताना लखलखणारा रंग दाटीवाटीने बसवला की विझतो. ऊर्जा एका रेणूकडून दुसऱ्याकडे ढकलली जाते आणि वाटेत कुठेतरी उष्णतेत जिरते. १९८९ मध्ये टँग, व्हॅनस्लाइक आणि चेन यांनी यावर पाहुण्याचा तोडगा काढला. यजमान थर ॲल्युमिनियमच्या संयुगाचा. त्यात उजळणारा रंग शेकड्याला एक भाग किंवा त्याहून कमी मिसळायचा. यजमानाने ऊर्जा गोळा करावी आणि पाहुण्याच्या हाती द्यावी. त्यांनी निवडलेले पाहुणे होते लेसरमध्ये वापरले जाणारे रंग. त्यांपैकी एक कूमारिनचा वंशज! पर्किनच्या सुगंधी द्रव्याच्या सांगाड्याला एका टोकाला इलेक्ट्रॉन देणारा नायट्रोजनचा गट जोडला, की तो हिरव्या तेजाने उजळतो. दुसरा डीसीएम नावाचा. याच्या एका टोकाला इलेक्ट्रॉन देणारा गट, दुसऱ्या टोकाला ओढून घेणारा, आणि मध्ये लांब पूल. पूल जितका लांब आणि ओढ जितकी जास्त, तितका प्रकाश तांबडेपणाकडे सरकतो. म्हणून हा नारिंगी-तांबडा उजळला. पाहुण्यांमुळे दिव्याचे उत्पन्न सुमारे दुप्पट झाले.

पाहुणेही एकमेकांना चिकटू नयेत म्हणून त्यांच्या अंगाला कार्बनचे गुबगुबीत गट जोडण्यात आले. गाडीतल्या बाकड्यावर कोपरे बाहेर काढून बसणारा प्रवासी जसा शेजाऱ्याला लांब ठेवतो, तसाच हा प्रकार. क्विनॅक्रिडोनचे उदाहरण यात फार बोलके आहे. मोटारींच्या रंगात वापरले जाणारे हे तांबडे-जांभळे द्रव्य टिकाऊपणाबद्दल प्रसिद्ध, कारण त्याचे रेणू हायड्रोजनच्या बंधांनी एकमेकांना घट्ट धरून असतात. विरळ मिसळले तर ते हिरवे उजळते. पण ही घट्ट मिठी दिव्यात घातक. १९९७ मध्ये शी आणि टँग यांनी मिठी मारणाऱ्या हायड्रोजनच्या जागी मिथिल गट बसवलेले क्विनॅक्रिडोन वापरले, आणि दिव्याचे आयुष्य वाढले. मोटारीच्या पत्र्यावर जो गुण, तो दिव्यात दोष, आणि तो दोष दोन अणूंच्या अदलाबदलीने दूर झाला. त्याच वर्षी जपानच्या पायोनियर कंपनीने मोटारीतल्या रेडिओसाठी असा पहिला हिरवा पडदा बाजारात आणला.

दुसरी अडचण निसर्गनियमाची होती. इलेक्ट्रॉन आणि पोकळी एकत्र येतात तेव्हा चारांपैकी एकाच वेळी 'एकेरी' अवस्था तयार होते, आणि साध्या रंगांत फक्त तीच उजळते. उरलेल्या तीन वेळा 'तिहेरी' अवस्था बनते. तिला उजळायची बंदी असल्यासारखी ती ऊर्जा उष्णतेत जाते. शंभरातले पंचाहत्तर रुपये वाटेतच गहाळ व्हावेत, असा हा व्यवहार. १९९८ मध्ये प्रिन्स्टनचे स्टीफन फॉरेस्ट आणि दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाचे मार्क थॉम्प्सन यांच्या चमूंनी रेणूच्या मध्यभागी प्लॅटिनमसारखा जड अणू बसवला. जड अणूच्या सान्निध्यात ती बंदी सैल होते आणि तिहेरी अवस्थाही उजळते. पुढच्याच वर्षी त्यांनी इरिडियम वापरून हिरवा दिवा केला, आणि काही वर्षांत आत तयार होणारी जवळजवळ सगळी ऊर्जा प्रकाशात उतरू लागली. पण इरिडियम हा पृथ्वीच्या कवचातल्या अतिदुर्मीळ धातूंपैकी एक. २०१२ मध्ये जपानच्या क्युशू विद्यापीठात चिहाया अदाची यांच्या गटाने धातूशिवाय मार्ग काढला. रेणूचे देणारे आणि घेणारे भाग एकमेकांशी पिळून असे बसवले, की एकेरी आणि तिहेरी पायऱ्यांतले अंतर अगदी थोडे उरले. मग खोलीतली साधी ऊबसुद्धा तिहेरीला उचलून एकेरीवर ठेवायला पुरते.

हिरवा साधला, तांबडा साधला. अडून बसला तो निळा. इथे आपण पुन्हा पक्क्या-कच्च्या रंगाच्या मूळ प्रश्नाशी येतो. निळ्या प्रकाशाच्या कणात ऊर्जा सर्वांत जास्त, कार्बन आणि नायट्रोजन यांच्यातले काही नाजूक बंध तोडण्याच्या जवळपास पोहोचणारी. त्यात दोन उत्तेजित रेणू शेजारी आले आणि एकाची ऊर्जा दुसऱ्याने घेतली, तर बंध तुटायला निमित्त पुरते. धातूच्या संयुगात ही ऊर्जा मायक्रोसेकंदाच्या घरात, म्हणजे साध्या फ्लुओरेसन्सच्या शेकडो पट वेळ, जवळ राहते. जितका काळ बाळगावी, तितका धोका. म्हणूनच आजवरच्या बहुसंख्य मोबाईलच्या पडद्यांत तांबडा आणि हिरवा धातूवाल्या रेणूंचा, पण निळा मात्र जुन्या साध्या फ्लुओरेसन्सचा राहिला. तीन-चतुर्थांश ऊर्जेचे नुकसान सोसून आयुष्य राखलेले. चांगले निळे रेणू शोधण्यात इदेमित्सु कोसान ही जपानची तेलकंपनी १९९० च्या दशकापासून आघाडीवर राहिली. २०१६ मध्ये ताकुजी हाताकेयामा यांच्या गटाने बोरॉन आणि नायट्रोजन एकाच ताठ सांगाड्यात आलटून पालटून बसवून अतिशय शुद्ध निळा मिळवला. शोध पुढे सरकतो आहे. वैर मिटलेले नाही.

आणि कोडॅक? २००३ मध्ये तिने आपल्या एका डिजिटल कॅमेऱ्याला हा पडदा बसवला. पण तोवर फिल्मचा धंदा ओसरू लागला होता, आणि ज्या फिल्मच्या पैशावर ही प्रयोगशाळा चालत होती तोच आटत चालला होता. डिसेंबर २००७ मध्ये सोनीने अकरा इंची दूरचित्रवाणी संच विकायला काढला, कोरियातले कारखाने मोबाईलचे पडदे मोठ्या प्रमाणावर बनवू लागले, आणि २००९ च्या अखेरीस कोडॅकने हा सारा व्यवसाय एलजी समूहाला विकून टाकला. जानेवारी २०१२ मध्ये कोडॅकने दिवाळखोरीच्या कायद्याचा आश्रय घेतला. टँग यांना २०११ चे वुल्फ पारितोषिक आणि २०१९ चे क्योटो पारितोषिक मिळाले. पर्किनच्या जांभळ्या रंगाचे जे इंग्लंडमध्ये झाले, तेच हिरव्या उजेडाचे रॉचेस्टरमध्ये झाले: शोध एकाकडे, आणि तो वीस वर्षे सांभाळण्याचा धीर दुसऱ्याकडे.

हा धीर आपल्याला अनोळखी आहे असे मात्र नाही. निळीचा घाव सोसलेल्या या देशात कृष्णस्वामी वेंकटरामन यांनी मुंबईच्या माटुंग्याला विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रशास्त्र विभागात आणि नंतर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत रंग-रसायनाची विद्या रुजवली. १९५२ पासून निघालेले त्यांचे कृत्रिम रंगांवरील इंग्रजी खंड जगभरच्या रंग-रसायनज्ञांच्या हाताशी असत. त्यांचे शिष्य बाळ दत्तात्रेय टिळक १९६६ पासून त्याच पुण्याच्या प्रयोगशाळेचे संचालक झाले. ज्ञान इथे पोहोचले होते, आणि पहिल्या प्रतीचे होते. कोडॅकची कथा सांगते, की एवढ्याने भागत नाही. आपल्याकडे साठलेल्या विद्येचा पुढचा उपयोग काय, हे ओळखून त्यावर दोन दशके खर्च करणारा कुणीतरी पाठीशी असावा लागतो.

वाचकांपैकी कुणाच्या मोबाईलचा असा पडदा चार-पाच वर्षे जुना असेल, तर त्यांनी त्यावर एखादे कोरे पांढरे पान उघडून ते नव्या पडद्याशेजारी धरून पाहावे. जुन्यावरचा पांढरा थोडा पिवळसर दिसण्याचा संभव आहे. त्यातला निळा आधी थकलेला असतो. तो लवकर थकू नये, म्हणून पुष्कळ पडद्यांत निळा ठिपका मुद्दाम इतरांहून मोठा ठेवलेला असतो. भार अधिक जागेवर वाटला जावा, एवढाच हेतू. कोयनेलच्या पाण्यावरची निळी झाक स्टोक्सने पाहिली त्याला पावणेदोनशे वर्षे होत आली. ती झाक पक्क्या रंगात बांधण्याचे काम अजून चालूच आहे.